घरबसल्या भटकंती: प्रवासातला एकच तास सांगा

पायवाट | १२ एप्रिल २०२०

मंडळी,

सगळेच घरात आहोत. सुट्ट्यांचे बेत बारगळले, तिकिटं रद्द झाली, विमानं धावपट्टीच्या कडेला ओळीने उभी आहेत. साऱ्या जगाने एकाच वेळी दार लावून घेतल्याचं आपल्यापैकी कुणीच आजवर पाहिलं नव्हतं. बातम्या ऐकवत नाहीत आणि ऐकल्याशिवाय राहवतही नाही. अशा वेळी मला सारखी वाटेवरची माणसं आणि वाटा आठवतात. तुम्हालाही आठवत असणार.

म्हणून हा धागा. एक विनंती आहे. अख्खं प्रवासवर्णन नको. किती वाजता निघालो, कुठे उतरलो, काय काय पाहिलं ही जंत्री कुठेही मिळते. तुमच्या भटकंतीतला एकच तास निवडा आणि तो इतक्या जवळून सांगा की वाचणाऱ्याला तिथे जाऊन उभं राहता यावं.

सुरुवात मीच करतो. हरिश्चंद्रगड, कोकणकडा, पावसाळा सरतानाची सकाळ.

पाचनईच्या वाटेने आदल्या दिवशी वर आलो होतो. पहाटे कड्यावर पोचलो तर समोर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा, त्यामुळे दरीतून वर येणारा वारा थेट तोंडावर येतो. कड्याच्या टोकाशी सहसा कुणी उभं राहत नाही, पालथं पडून सरपटत जायचं आणि मान बाहेर काढायची. छातीखाली बेसाल्टचा खडक गार आणि ओला, हाताला बारीक शेवाळ लागत होतं.

मग पाठीमागून ऊन आलं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी आणि ढग समोर दरीत. मी उठून उभा राहिलो आणि खाली ढगावर इंद्रधनुष्य उमटलं. कमान नाही, पूर्ण गोल. आणि गोलाच्या मध्यभागी माझी सावली. शेजारच्या मित्राला म्हटलं, अरे, माझ्या डोक्याभोवती वलय आहे! तो म्हणाला, तुझ्या नाही, माझ्या. दोघंही खरं बोलत होतो. ज्याच्या त्याच्या डोळ्याला वलय आपल्याच सावलीभोवती दिसतं, शेजारच्याची सावली दिसते पण तिला वलय नसतं. हेच इंद्रवज्र. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते याच गडावर १८३५ साली पाहिल्याची नोंद आहे.

दहा मिनिटं असेल नसेल. ढग विरळ झाले, खालची कोकणातली शेतं दिसायला लागली आणि वलय गेलं. आम्ही तरी तिथेच बसून राहिलो.

आता तुमचा तास.

---

अबोली | १२ एप्रिल

सुंदर! मी तीनदा गेले आहे तिथे पण इंद्रवज्र नशिबात नव्हतं. आज मिळालं. वाचनखूण साठवली आहे.

---

घाटमाथा | १३ एप्रिल

माझा तास कोकण रेल्वेचा. जुलै महिना, दाराजवळची जागा.

पावसाळ्यात ही गाडी वेगळ्या वेळापत्रकाने धावते. वेग कमी ठेवतात, कारण दरड कधी येईल याचा नेम नसतो. मला हे वेळापत्रक फार आवडतं. चिपळूण सोडलं की हिरवा रंग डोळ्यात मावेनासा होतो. संगमेश्वर गेलं, उक्षी आलं, आणि उक्षीनंतर करबुडेचा बोगदा. साडेसहा किलोमीटर लांब. डब्यातली बोलणी आपोआप थांबतात, कारण आवाजच इतका होतो की ओरडूनही ऐकू जात नाही. हवा दमट होते, भिंतींवरून पाणी झिरपताना दिसतं, डब्यातल्या दिव्याचे पिवळे चौकोन दगडावरून पळत राहतात. आता संपेल, आता संपेल असं वाटत राहतं आणि संपत नाही. मग एकदम उजेड, आणि उजेडाबरोबर पावसाचा वास.

रत्नागिरी गेल्यावर पानवल नदीचा पूल. ६४ मीटर उंच. खाली वाकून बघितलं तर नारळीच्या शेंड्यांवर आपण आहोत. गाडीचा आवाज बदलतो, खडीवरचा धडधडाट जाऊन पोकळ, हलका आवाज येतो. डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कळतं की आता खाली जमीन नाही.

ही वाट १९९८ मध्ये सुरू झाली. त्याआधी सह्याद्रीच्या या अंगाने गाडी धावेल यावर कित्येकांचा विश्वास नव्हता. मी तर दर वेळी बोगद्यात शिरताना, ज्यांनी त्या लिबलिबीत मातीत आणि कातळात हात घातले त्यांची आठवण काढतो. बांधकामात अनेक कामगारांचे जीव गेले. रत्नागिरीला त्यांचं स्मारक आहे, कधी उतरलात तर जरूर बघा.

---

जुना भिडू | १३ एप्रिल

कुणी रागावू नका, पण मनात आलं ते लिहितो. रस्त्यांवरून माणसं डोक्यावर बोजा आणि कडेवर पोर घेऊन शेकडो किलोमीटर पायी निघाली आहेत. त्यांचाही हा प्रवासच आहे. अशा दिवसांत आपण सहलींच्या आठवणी काढत बसायचं, हे मला जड जातंय.

---

पायवाट | १३ एप्रिल

जुना भिडू, राग अजिबात नाही. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. ती माणसं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपापल्या भागात जेवण, पाणी, चपला पोचवणाऱ्यांना हातभार लावावा, मीही लावतोय. धागा चालू ठेवावा असं मला अजूनही वाटतं.

---

रातपाळी | १४ एप्रिल

मी रुग्णालयात परिचारिका आहे, सध्या कोविड कक्षात. लिहीत कधीच नाही, फक्त वाचते. पण जुना भिडू यांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं.

पाळी संपली की तो पोशाख उतरवायला बराच वेळ लागतो. मास्कच्या कडांनी नाकावर आणि गालांवर वळ उठलेले असतात. घरी जाता येत नाही, आमची राहण्याची सोय वेगळी केली आहे. खोलीत आल्यावर झोप येत नाही. काल रात्री मी कोकणकडा वाचला आणि नंतर पानवलचा पूल वाचला. आणि झोप लागली. एवढंच सांगायचं होतं. कृपया लिहीत राहा.

माझाही एक तास देते. कच्छचं रण, पौर्णिमेच्या आसपासची रात्र. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं आणि थंडीपर्यंत ते आटून मिठाचा थर उरतो. लांबून सपाट पांढरं दिसतं, पण जवळ गेलं की मिठाला भेगा पडून वेडेवाकडे तुकडे झालेले दिसतात, प्रत्येक तुकड्याच्या कडा किंचित वर उचललेल्या. चाललं की पायाखाली कुरकुर वाजतं. मध्येच एखाद्या ठिकाणी वरचा थर फुटून आतला काळा ओला चिखल बुटाला लागतो. सोबतची मंडळी गप्पा मारत पुढे गेली, मी मागे राहिले. थांबल्यावर पावलांचा आवाजही गेला. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नाही. कक्षात यंत्रं सतत टुकटुकत असतात, त्या वेळी मी डोळे मिटून तिथे जाऊन येते.

---

अबोली | १४ एप्रिल

रातपाळीताई, तुम्हाला काय लिहावं सुचत नाही. काळजी घ्या हो. आम्ही रोज काहीतरी लिहू, वचन.

---

खिडकी | १५ एप्रिल

नमस्कार. मी इथे नवीन आहे.

तुम्हा सर्वांची टाळेबंदी गेल्या महिन्यात सुरू झाली, माझी बऱ्याच वर्षांपूर्वी. पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून मी अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला आहे. तेव्हापासून प्रवासाचं जे मिळेल ते वाचते, बघते. आता चित्रफितींचा तर पूर आला आहे, संग्रहालयांच्या आभासी फेऱ्याही निघाल्या आहेत. ते सगळं बघून झाल्यावर एक गोष्ट मात्र राहून जाते. ती तुमच्यापैकी काहींनी न सांगता लिहिली, म्हणून हा प्रतिसाद.

चित्रफितीत डोळ्यांचं सगळं असतं. पायाखाली काय होतं ते कुणी सांगत नाही. रातपाळीताईंनी मिठाची कुरकुर लिहिली आणि बुटाला लागलेला चिखल लिहिला, पायवाट यांनी छातीखालचा ओला कातळ लिहिला. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. चालणाऱ्याला पायाखालच्या जमिनीचं अप्रूप नसतं, मला आहे.

तर माझी सगळ्यांना विनंती: तुमच्या त्या एका तासात पायाखाली काय होतं तेही लिहाल का?

---

पायवाट | १५ एप्रिल

खिडकीताई, स्वागत. तुमची विनंती धाग्याच्या वरच्या मजकुरात घालतोय. माझ्या सांगण्यापेक्षा ती कितीतरी नेमकी आहे.

---

कातळ | १५ एप्रिल

खिडकीताई, हे तुमच्यासाठी.

रत्नागिरी-राजापूरकडचे सडे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं मोकळं पठार. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथे अनवाणी उभं राहवत नाही, पण पहाटे जांभा गार असतो. तो गुळगुळीत नाही. छिद्राछिद्रांचा, खरखरीत, तळपायाला टोचतो, पण कापत नाही. छिद्रांमध्ये बारीक लाल माती साठलेली, ती चालताना टाचांना लागते. पावसाळ्यात याच दगडावर इंचभर मातीत फुलं येतात, तेव्हा मात्र पाय कुठे ठेवावा हा प्रश्न पडतो.

माझा तास कशेळीच्या सड्यावरचा. तिथे जमिनीवर एक हत्ती कोरलेला आहे. कोरला आहे म्हटल्यावर आपण भिंतीकडे बघतो. पण हा पायाखाली आहे आणि इतका मोठा की त्याच्याजवळ उभं राहून तो दिसतच नाही. मला आधी एक खाच दिसली, तीन-चार बोटं रुंद. तिच्यातून बोट फिरवत चालत गेलो. खाच वळली, पुन्हा वळली, आणि बऱ्याच वेळाने कळलं की मी सोंडेच्या कडेने चाललोय. हत्तीच्या पोटात आणखी प्राणी कोरले आहेत, मासे, पक्षी, कितीतरी. एकेक ओळखत गुडघ्यांवर फिरलो. ती कुणी आणि कशासाठी कोरली याची ठाम उत्तरं नाहीत, हजारो वर्षं जुनी असावीत असं अभ्यासक मानतात.

आपण चालतोय त्याच दगडावर कुणीतरी बसून, दगडाने दगड घासत हे काढलं, हे तळव्यांना कळतं. डोळ्यांना ते नंतर कळतं.

---

खिडकी | १५ एप्रिल

कातळ, मी तुमच्याबरोबर सोंडेवरून चालून आले. खूप खूप आभार.

---

दर्यावर्दी | १९ एप्रिल

जहाजावरून लिहितोय, इंटरनेट मिळेल तसं. तुम्ही घरात अडकलात, आम्ही घराबाहेर. कराराची मुदत संपली, पण बदली माणसं येऊ शकत नाहीत आणि बंदरं आम्हाला उतरू देत नाहीत. किनारा समोर दिसतो, दिवे दिसतात, गाड्या पळताना दिसतात, आणि आम्ही नांगर टाकून उभे. जगभरातल्या किती जहाजांवर हीच परिस्थिती आहे. माल मात्र वेळेवर पोचतोय, तुमच्या घरातल्या कित्येक वस्तू आमच्यासारख्यांनी आणलेल्या आहेत, हे कुणी विसरू नये एवढीच इच्छा.

खिडकीताई, माझ्या पायाखाली लोखंड असतं. इंजिनाची थरथर चोवीस तास तळव्यातून वर येते. ती बंद पडली तर झोपेतही जाग येते.

माझा तास सुएझ कालव्यातला, रात्रीचा. जहाजं तांडा करून जातात, एकामागे एक, ठरलेल्या अंतराने. १९३ किलोमीटरचा कालवा, मध्ये एकही पाणदार (जहाज वर-खाली करायचा पाण्याचा दरवाजा) नाही, कारण दोन्ही समुद्रांच्या पातळीत फरक अगदी थोडा. रात्री जायचं तर नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, मोठा प्रकाशझोत लावावा लागतो. त्या झोतात दोन्ही काठ दिसतात. सुएझहून पोर्ट सैदकडे जाताना उजवीकडे सिनाईची वाळू, पार क्षितिजापर्यंत. डावीकडे झाडं, शेतं, मशिदींचे मनोरे, कारण त्या बाजूला नाईलचं गोडं पाणी कालव्याने आणलेलं आहे. एकाच जहाजाच्या दोन बाजूंना दोन वेगळी जगं. वेग इतका कमी ठेवतात की काठावरची कुत्री बरोबरीने पळतात. समुद्रात आम्हाला जमिनीचा वास येत नाही. तिथे आला, ओल्या मातीचा. डेकवर उभे असलेले सगळेच गप्प झाले.

वाटेत ग्रेट बिटर लेक लागतं. तिथली गोष्ट मला या दिवसांत सारखी आठवते. जून १९६७ मध्ये युद्ध सुरू झालं, कालवा बंद झाला आणि आठ देशांची चौदा जहाजं या तळ्यात अडकली. ती १९७५ पर्यंत तिथेच होती. आठ वर्षं! वाळवंटातली धूळ बसून ती पिवळी पडली, म्हणून त्यांना पिवळा ताफा म्हणायचे. खलाशांची अदलाबदल होत राहिली, पण जहाजं हलली नाहीत. त्यात शीतयुद्धातल्या दोन्ही बाजूंचे देश होते. तरी त्यांनी मिळून एक संघटना काढली. एका जहाजावर चित्रपट दाखवायचे, एकावर प्रार्थना व्हायची, एकावर फुटबॉल खेळायचे. १९६८ मध्ये ऑलिंपिक झालं तेव्हा यांनी तळ्यातच आपले खेळ भरवले. स्वतःची टपाल तिकिटंही हाताने बनवली, आणि ती लावलेली पत्रं जगभर पोचली. कालवा पुन्हा उघडला तेव्हा त्यांतली फक्त दोन जर्मन जहाजं स्वतःच्या इंजिनावर घरी गेली.

आम्हीही आता डेकवर रोज संध्याकाळी काहीतरी करतो. काल बुद्धिबळाच्या स्पर्धेची पहिली फेरी झाली.

---

घाटमाथा | १९ एप्रिल

दर्यावर्दी, पिवळ्या ताफ्याचं काहीच माहीत नव्हतं. तुमची लवकर सुटका होवो. तोवर इथे येत राहा.

---

अबोली | २२ एप्रिल

माझा तास दुब्रोवनिकचा, क्रोएशियातलं तटबंदीचं शहर. तटावरून चालायची फेरी सगळेच करतात, ती सुंदरच आहे, पण मला सांगायचंय ते तटाबाहेरचं.

पूर्वेच्या दरवाजातून बाहेर पडलं की समुद्राला लागून दगडी इमारतींची ओळ आहे. खिडक्या छोट्या, अंगणं आतल्या बाजूला, बाहेरून उंच भिंत. मी सावलीसाठी आत शिरले. फरसबंदीचा दगड मधोमध झिजून खोलगट झालेला (खिडकीताई, उन्हात तापलेला आणि इतका गुळगुळीत की चपला घसरत होत्या). एका अंगणात कुणीतरी नाटकाचा मंच बांधत होतं. मग पाटी वाचली. हे लाझारेती, शहरात येणाऱ्यांना साथीच्या भीतीने वेगळं ठेवण्याची जागा. बोस्नियाकडून डोंगर उतरून तांडे याच दरवाजाशी यायचे. माणसं, जनावरं, लोकर, कातडी, सगळं आधी इथे थांबायचं. माल उघड्यावर पसरून वारा द्यायचे.

या इमारती सतराव्या शतकातल्या, पण नियम त्याहून जुना. १३७७ मध्ये इथल्या मंडळाने ठराव केला की साथीच्या प्रदेशातून आलेल्याने एक महिना म्रकान बेटावर किंवा जवळच्या त्सावतात गावात काढल्याशिवाय शहरात पाऊल टाकायचं नाही. प्लेगने निम्मं युरोप उजाड केल्याला तीस वर्षंही झाली नव्हती. जंतू म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी निरीक्षणावरून बरोबर ओळखलं की अंतर आणि वेळ, या दोन गोष्टी कामी येतात. आणि व्यापारही बंद केला नाही, कारण त्यावरच शहर जगत होतं.

तेव्हा मी पाटी वाचून पुढे गेले होते. आता रोज हात धुताना ते अंगण आठवतं. त्यातून समुद्र दिसतो आणि उजव्या हाताला तट. महिनाभर थांबलेल्या माणसाला ते शहर रोज इतक्या जवळ दिसत असणार, त्याच्या घंटा ऐकू येत असणार.

---

रातपाळी | २३ एप्रिल

अबोलीताई, हे मी आमच्या कक्षातल्या एका आजोबांना वाचून दाखवलं. ते विचारत होते, किती दिवस अजून. म्हटलं, दुब्रोवनिकला महिना होता, तुमचे त्यापेक्षा कमी आहेत. ते हसले. आज त्यांचा ऑक्सिजन कमी केलाय.

---

जुना भिडू | २६ एप्रिल

माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही. आम्ही चार मित्रांनी महामार्गावर पाण्याची आणि चपलांची सोय केली आहे, सकाळी आणि रात्री तिथेच असतो. दुपारी पडल्या पडल्या हा धागा वाचतो. रातपाळीताईंसाठी एक तास लिहितो.

पांबनचा जुना रेल्वे पूल, रामेश्वरमला जाताना. १९१४ पासूनचा. दोन किलोमीटरच्या वर लांब, समुद्रात १४५ खांब, रुळांच्या बाजूला कठडा नाही. डब्याच्या दारात उभं राहिलं तर खाली थेट पाणी दिसायचं, एका बाजूला मन्नारचं आखात, दुसऱ्या बाजूला पाल्कची सामुद्रधुनी. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने जायची. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला तर सिग्नलच मिळायचा नाही. मध्यभागी पूल दोन्हीकडून वर उचलला जायचा, जहाजांसाठी. त्या जोडावरून चाकं जाताना ठण्ण असा आवाज यायचा आणि तो डब्यागणिक पुढून मागे सरकत यायचा. खिडकीताई, पायाखाली थरथर नव्हती, डुलणं होतं, फार हलकं.

समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी हात जोडले. मग मोडक्या हिंदीत सांगितलं. डिसेंबर १९६४, रात्र, चक्रीवादळ. धनुष्कोडीला जाणारी गाडी लाटेने प्रवाशांसह ओढून नेली. कुणी वाचलं नाही. धनुष्कोडी गाव त्या रात्रीपासून ओसाड आहे, मी पुढे जाऊन पाहिलं, चर्चच्या भिंती उभ्या आहेत आणि आतून वाळू भरली आहे.

पुलाचेही बरेच गाळे वाहून गेले होते. दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत होती, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली. काम ज्या तरुण अभियंत्याकडे होतं त्याने ते ४६ दिवसांत पुरं केलं. त्याचं नाव ई. श्रीधरन. वाहून गेलेले गर्डर कोळ्यांच्या मदतीने समुद्रातून शोधून काढून पुन्हा बसवले.

---

घाटमाथा | २६ एप्रिल

आणि हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वेचे प्रमुख झाले! माझा पानवलचा पूल आणि तुमचा पांबन एकाच माणसाच्या हाताखालून गेले. जुना भिडू, हे वाचून अंगावर काटा आला. पाण्याच्या सोयीसाठी काही लागलं तर व्यक्तिगत निरोप करा, मी पाठवतो.

---

सांजवेळ | ३ मे

माझा तास सायबेरियातला. मॉस्को ते व्लादिवोस्तोक, ९,२८८ किलोमीटर, जवळजवळ आठवडा. मी गेले तेव्हा सगळ्या स्टेशनांवरची घड्याळं मॉस्कोची वेळ दाखवायची. बाहेर सूर्य मावळतोय आणि घड्याळात दुपार. दोन-तीन दिवसांनी आपण वेळ विचारायचंच सोडून देतो. डब्याच्या टोकाला समोवर, त्याच्या उकळत्या पाण्याभोवती सगळे भेटतात. भाषा येत नव्हती, पण एका आजींनी मला विणकामाचा एक टाका शिकवला, हात हातात धरून.

इर्कुत्स्क सुटल्यावर काही वेळाने बैकल आलं. आधी झाडांमधून निळी रेघ दिसली, मग झाडं संपली आणि पाणी रुळाच्या अगदी कडेला. समुद्रच वाटतो, फक्त खारा वास नाही. १,६४२ मीटर खोल, जगातलं सगळ्यात खोल सरोवर. पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा या एका ठिकाणी. गाडी तासन् तास त्याच्या काठाने जात राहते. स्ल्युद्यांकाला थोडा वेळ थांबली. ते स्टेशन तिथल्याच संगमरवराने बांधलेलं आहे. मी फलाटावर उतरले, भिंतीला हात लावला, गार होती. पायाखाली खडी, आणि थंडीने इतकी कडक झालेली जमीन की बुटाची टाच वाजत होती.

आजी पुढच्या एका स्टेशनवर उतरल्या. त्यांनी अर्धवट विणलेला तुकडा माझ्या हातात दिला. या दिवसांत मी तोच टाका घालून बसते.

---

खिडकी | ३ मे

सांजवेळताई, त्या टाक्याचा फोटो टाकाल का? मला विणता येतं.

---

सांजवेळ | ४ मे

टाकला आहे, व्यक्तिगत निरोपात. जमला की सांगा.

---

पायवाट | १७ ऑक्टोबर २०२०

बऱ्याच महिन्यांनी धागा वर आणतोय. पेरूमधून बातमी आली ती वाचली असेल. मार्चपासून तिथे अडकून पडलेल्या एका जपानी पर्यटकासाठी मचू पिचू उघडलं. तो तिथे जायचं तिकीट काढून बसला होता आणि सगळं बंद झालं. सात महिने त्याच गावात राहिला. शेवटी सरकारने त्याची विनंती मान्य केली आणि तो जवळजवळ एकटाच त्या अवशेषांत फिरला. ज्या जागी एरवी रांगा लागतात तिथे एक माणूस. मला त्याचा इतका आनंद झाला की जणू माझंच कुणी गेलंय.

कसे आहात सगळे? दर्यावर्दी?

---

दर्यावर्दी | १८ ऑक्टोबर

घरी पोचलो! बंदरावर उतरलो तेव्हा पहिला दिवस नीट चालता येईना, जमीन हलत नव्हती म्हणून. खिडकीताई, सिमेंटच्या धक्क्यावर उभा राहिलो आणि तुमची आठवण झाली. तळव्यांना थरथर लागत नव्हती, म्हणून मी वाकून हात टेकवून पाहिला. आमच्यातले काही अजून समुद्रावरच आहेत. मे महिन्यात आमच्या बुद्धिबळ स्पर्धेची अंतिम फेरी झाली. आमचा स्वयंपाकी जिंकला.

---

रातपाळी | १८ ऑक्टोबर

फार बरं वाटलं वाचून. मधे मलाही लागण झाली होती, आता बरी आहे आणि पुन्हा कामावर आहे. आजोबा मे महिन्यात घरी गेले. जाताना म्हणाले, त्या बाईंना सांग, माझा महिना भरला.

एक विचारायचं होतं. कक्षात मी हा धागा कितीतरी जणांना वाचून दाखवला. अनेकांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, काहींच्या हाताला सुया असतात. रोज मला वेळ मिळतोच असं नाही. तुम्ही आपापला तास आवाजात नोंदवून द्याल का? फोनवर लावून ठेवता येईल.

---

अबोली | १८ ऑक्टोबर

नक्की! दुब्रोवनिक उद्याच नोंदवते.

---

जुना भिडू | १८ ऑक्टोबर

पांबन माझा. ठण्ण हा आवाज मात्र तोंडाने नीट येत नाही, लोखंडाची पहार वाजवून बघतो.

---

खिडकी | १९ ऑक्टोबर

ज्यांना आवाज नोंदवायला जमणार नाही त्यांचे तास मी वाचेन. माझ्याकडे वेळ आहे आणि आवाज बरा आहे असं लोक म्हणतात. कशेळीचा हत्ती मला द्या. कातळ, तुमची हरकत नसेल तर?

---

कातळ | १९ ऑक्टोबर

हरकत कसली, तुम्हीच वाचा. सोंडेच्या वळणापाशी थोडं हळू घ्या.